डंकेल्डचें कॅथीड्रल : एका अर्धभग्न वास्तूची साधनचिकित्सा

स्कॉटलंडांतील एका ख्रिस्ती धर्ममंदिराचा वृत्तांत या पृष्ठांत कां, अशी शंका वाचकांस आरंभींच येईल. तिचें निरसन लेखाच्या ओघांत होईलच. तूर्त इतकेंच सांगतों कीं, डंकेल्ड येथील कॅथीड्रल ही वास्तु आज अर्धी नांदती व अर्धी भग्न आहे. एकाच छपराखालीं वाढलेल्या दोन भागांचें दैव असें भिन्न कां झालें, या प्रश्नाचें उत्तर नुसत्या दगडांवरून मिळत नाहीं आणि नुसत्या कागदांवरूनहि मिळत नाहीं. दोहोंची एकमेकांशीं जुळणी करावी लागते. अशी जुळणी करणें हाच संशोधकांचा व संग्राहकांचा नित्याचा व्यवसाय असल्यामुळें हें परदेशचें उदाहरण त्यांस उद्बोधक वाटेल, अशी आशा आहे.

डंकेल्ड हें लहानसें गांव पर्थशायर प्रांतांत, पर्थ शहराच्या उत्तरेस सुमारें १५ मैलांवर, टे नदीच्या उत्तर तीरीं वसलें आहे. ग्रामनामाचा अर्थ ‘कॅलेडोनियन लोकांचा दुर्ग’ असा सांगतात. कॅथीड्रल म्हणजे केवळ मोठें चर्च नव्हे. ज्या चर्चमध्यें बिशपचें आसन असतें, तेंच कॅथीड्रल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आसन असाच असून त्याचा उत्तरार्ध संस्कृतांतील ‘सद्’ धातूशीं सजातीय आहे. तेव्हां आपल्या ‘पीठ’ या शब्दानें त्याचा भाव यथार्थ व्यक्त होतो.

वास्तूची रचना ध्यानांत आल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. इमारत पूर्वपश्चिम लांबट आहे. पूर्वेकडील भाग तो ‘क्वायर’. मुख्य वेदी येथें असे व उपासनेचें गायन येथें चाले. याला आपण पूर्वमंडप म्हणूं. पश्चिमेकडील भाग तो ‘नेव्ह’, म्हणजे आपल्या देवळांतील सभामंडपासारखा विस्तीर्ण भाग. त्याच्या दोन्ही अंगांस खांबांच्या रांगा व त्यांपलीकडे पडव्या आहेत. पूर्वमंडपाच्या उत्तरेस ‘चॅप्टर हाऊस’, म्हणजे पीठाच्या धर्माधिकाऱ्यांचें सभागृह, आणि सभामंडपाच्या वायव्य कोपऱ्यास चौकोनी मनोरा आहे. पूर्वमंडपावर आज छत असून तेथें गांवचें चर्च भरतें. सभामंडपावर छत नाहीं. आंत हिरवळ वाढली आहे व भिंती आणि खांब तेवढे उभे आहेत.

आतां इतिहासाकडे वळूं. आयर्लंडांतून आलेल्या कोलंबा या संतानें ५६३ सालीं आयोना बेटावर मठ स्थापिला व ५९७ सालीं तो तेथेंच निवर्तला. पुढें उत्तरेकडील समुद्रचाच्यांनीं आयोनावर वारंवार घाले घातले. ८०६ सालच्या घाल्यांत मठांतील ६८ माणसें मारलीं गेलीं. अशा स्थितींत संताचे अवशेष सुरक्षित स्थळीं हलविणें प्राप्तच होतें. स्कॉटलंडच्या प्राचीन राजांची जी त्रोटक बखर उपलब्ध आहे, तींत केनेथ मॅकॅल्पिन या राजानें आपल्या राज्याच्या सातव्या वर्षीं कोलंबाचे अवशेष आपण बांधलेल्या चर्चमध्यें नेले, असें नमूद आहे. हें चर्च डंकेल्डचेंच, असें अभ्यासक मानतात. तें वर्ष ८४९ च्या सुमाराचें येतें. उलटपक्षीं आयर्लंडांतील अल्स्टरच्या वार्षिक नोंदींत ८४९ सालींच आयोनाचा मठाधिपति कोलंबाच्या पवित्र वस्तु घेऊन आयर्लंडास आला, अशी नोंद आहे. दोन साधनें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु त्यांतील एक खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. अवशेषांची वांटणी झाली व एक वांटा पूर्वेस, दुसरा पश्चिमेस गेला, असें मानल्यास दोन्हीं वचनें सार्थ होतात. बुद्धाच्या धातूंची वांटणी ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत विस्मय वाटूं नये.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. उपर्युक्त बखर एकाच प्रतींत टिकली आहे. ती प्रत चौदाव्या शतकांतील, म्हणजे घटनेनंतर पांचशें वर्षांनीं लिहिलेली असून ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. स्कॉटलंडच्या आद्य राजवंशाचा वृत्तांत अशा एका दूरस्थ प्रतीच्या आधारावर लोंबकळत राहिला, ही गोष्ट आपल्या पोथ्यांविषयीं बेफिकीर असणारांनीं विचार करण्याजोगी आहे.

अवशेषांमुळें डंकेल्डची प्रतिष्ठा वाढली. ८६५ सालीं निधन पावलेल्या तुआथल नांवाच्या पुरुषास अल्स्टरच्या नोंदींत डंकेल्डचा मठाधिपति व त्या राज्याचा प्रमुख बिशप म्हटलें आहे. अकराव्या शतकांत मठाधिपतीचें पद गृहस्थाश्रमी सरदारांकडे गेलेलें दिसतें. क्रिनान हा असाच मठाधिपति १०४५ सालीं लढाईंत पडला. याचा पुत्र डंकन राजा झाला व १०४० सालीं मॅकबेथशीं झालेल्या संघर्षांत मारला गेला. शेक्सपिअरच्या नाटकांत निद्रिस्त असतांना मारला जाणारा वृद्ध राजा तो हाच. मात्र ऐतिहासिक डंकन वृद्धहि नव्हता व निद्रिस्तहि नव्हता. त्याच्या वंशजांनीं १२८६ पर्यंत स्कॉटलंडचें राज्य केलें आणि त्या घराण्यास इतिहासकार डंकेल्डचें घराणें म्हणतात. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें बिशपचें पीठ पुनः सुस्थिर झालें.

आजची इमारत मात्र या प्राचीन काळची नव्हे. पूर्वमंडपाचें काम तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू होऊन पुढच्या शतकांत पुरें झालें. सभामंडपाचा पाया बिशप रॉबर्ट डी कार्डेनी यानें १४०६ सालीं घातला. तो पुरा होऊन त्याचें विधिपूर्वक अर्पण बिशप टॉमस लॉडर याच्या हस्तें १४६४ सालीं झालें. याच लॉडरनें १४५७ सालीं सभागृह व १४६९ सालीं मनोरा यांस आरंभ केला, आणि मनोरा १५०१ सालीं बिशप जॉर्ज ब्राउन याच्या कारकीर्दींत पूर्ण झाला. म्हणजे वास्तूस एकूण सुमारें अडीचशें वर्षें लागलीं. सभामंडपाचे जाड वर्तुळाकार खांब व वरच्या मजल्याच्या अर्धवर्तुळ कमानी पाहून, कागद हातीं नसते तर, एखाद्या अभ्यासकानें तो भाग दोन-तीनशें वर्षें मागें ढकलला असता. शैलीवरून कालनिर्णय करणारांस हा चांगलाच इशारा आहे.

मग हीं सालें आपणांस कळलीं कशीं? तीं कळलीं अलेक्झांडर मिल्न याच्यामुळें. हा डंकेल्डच्या पीठाचा कॅनन, म्हणजे धर्माधिकारी मंडळाचा सभासद होता. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यानें लॅटिन भाषेंत डंकेल्डच्या बिशपांचीं चरित्रें लिहिलीं. पुढें १५३२ सालीं स्कॉटलंडचें वरिष्ठ न्यायालय स्थापन झालें तेव्हां त्याचा पहिला अध्यक्ष हाच मिल्न झाला. तेव्हां ग्रंथकर्ता भाबडा मठवासी नसून कागदपत्र जाणणारा माणूस होता. कोणत्या बिशपानें काय बांधिलें, कोणती वस्त्रें, पात्रें व घंटा दिल्या, याची तो बारकाईनें नोंद करितो. १८२३ सालीं एडिंबरोच्या बॅनटाइन क्लबनें हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. एका लहानशा ग्रंथप्रेमी मंडळीच्या उद्योगानें हें कार्य झालें, हें येथें मुद्दाम नमूद करितों.

मिल्नची एक कथा साधनचिकित्सेच्या दृष्टीनें मार्मिक आहे. ब्राउन बिशपच्या वेळीं मुलुखांत महामारी आली. तेव्हां बिशपनें कोलंबाचें एक अस्थि पाण्यांत बुडवून तें तीर्थ पीडितांकडे पाठविलें. पुष्कळांनीं तें प्राशन केलें व ते बरे झाले. एका इसमानें मात्र, पाणी कशाला, बिशपनें आपली उत्तम दारू पाठवावयाची होती, अशी थट्टा केली, तो मेला. या कथेवरून पाण्याचा गुण सिद्ध होत नाहीं. परंतु १५०० च्या सुमारास कोलंबाचें म्हणून मानलेलें अस्थि डंकेल्डास होतें, आणि त्या काळींहि थट्टा करणारा एक तरी माणूस प्रांतांत होता, या दोन गोष्टी निःसंशय सिद्ध होतात. चमत्कार टाकून द्यावा. त्याच्या आडून आलेली माहिती टाकूं नये.

लेखी साधनांची चिकित्सा करावी आणि शिलालेख मात्र डोळे मिटून मानावा, अशी आपल्याकडेहि एक संवय आहे. तिजवर डंकेल्डांतच एक उतारा सांपडतो. पूर्वमंडपांत चिलखत घातलेली एका सरदाराची शयनमूर्ति आहे. हा बॅडनॉकचा अलेक्झांडर स्ट्युअर्ट, दुसऱ्या रॉबर्ट राजाचा पुत्र. लोक त्यास ‘बॅडनॉकचा लांडगा’ म्हणत. बिशपशीं वैर पडल्यामुळें १३९० सालीं यानें एल्गिनचें कॅथीड्रल जाळलें. एक कॅथीड्रल जाळणारास दुसऱ्या कॅथीड्रलांत वेदीजवळ चिरविश्रांति मिळावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. त्याच्या थडग्यावरील लेखांत मृत्यूचें साल १३९४ असल्याचें जुने लेखक सांगतात. परंतु इतर दस्तऐवजांवरून तो त्यानंतरहि हयात होता असें ठरतें, व त्याचा मृत्यु आतां १४०५ च्या सुमारास धरतात. लेख मूळ खोदणाराचा चुकला कीं वाचणाराचा, हा प्रश्न निराळा. दगड मौन धरतो म्हणून तो सत्यवादी ठरत नाहीं.

मनोऱ्याच्या तळमजल्यावर बिशपचें न्यायालय भरत असे. तेथील भिंतींवर पंधराव्या शतकांतील रंगीत चित्रांचे अवशेष आहेत. एकांत सॉलोमन राजाचा सुप्रसिद्ध न्याय आहे, व दुसऱ्यांत व्यभिचाराचा आरोप आलेल्या स्त्रीस ख्रिस्तानें अभय दिल्याचा प्रसंग आहे. एका चित्रांत न्यायाची तीक्ष्णता व दुसऱ्यांत क्षमा. ज्यानें हे विषय निवडिले, त्यास न्यायासनाचें मर्म कळलें होतें.

१५१५ च्या आरंभीं ब्राउन निवर्तला आणि पीठासाठीं कलह जुंपला. पोपनें गेव्हिन डग्लस या विद्वानास नेमिलें. इकडे स्थानिकांनीं अथोलच्या अर्लचा भाऊ अँड्र्यू स्ट्युअर्ट यास निवडलें. डग्लसला प्रथम सुमारें वर्षभर कैद सोसावी लागली. सुटून तो डंकेल्डास आला तेव्हां प्रतिपक्षानें बिशपचा वाडा व कॅथीड्रलचा मनोरा अडवून त्याजवर गोळ्या झाडल्या. न्यायाचीं चित्रें ज्याच्या तळाशीं, त्याच मनोऱ्याच्या माथ्यावरून नव्या बिशपावर मारा व्हावा, यावरून पीठांचे कलह सर्व देशांत सारखेच, असें म्हणावें लागतें. अखेरीस डग्लसच्या पक्षाचे लोक जमले व वाडा त्याच्या हातीं आला. तथापि त्यास सुख लाभलें नाहीं. राजकारणांत पक्ष पडता होऊन तो लंडनला गेला व १५२२ सालीं तेथें महामारीनें मरण पावला.

बिशप होण्यापूर्वींच डग्लसनें जें कार्य केलें, त्यानेंच त्याचें नांव राहिलें आहे. व्हर्जिल कवीच्या ‘ईनीड’ या लॅटिन महाकाव्याचें त्यानें १८ महिन्यांत आपल्या स्कॉट बोलींत संपूर्ण पद्य भाषांतर केलें व तें २२ जुलै १५१३ रोजीं पुरें झालें. इंग्रजी व तिच्या भगिनीभाषा यांत एखाद्या प्राचीन महाकाव्याचें समग्र भाषांतर हें पहिलेंच होय. पंडितांची भाषा सोडून देशभाषेंत उतरण्याचें धाडस काय असतें, हें ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या वाचकांस सांगणें नको. डग्लसच्या चिटणिसानें केलेली या ग्रंथाची प्रत केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत आहे. तो छापला गेला तो १५५३ सालीं, म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनीं. तोंपर्यंत काव्य टिकलें तें हस्तलिखितांच्या बळावर.

आतां मुख्य प्रश्नाकडे येतों. सभामंडप भग्न कसा झाला? सामान्य समजूत अशी कीं, धर्मसुधारकांनीं कॅथीड्रल पाडलें. त्याविषयींचा अस्सल हुकूम छापून प्रसिद्ध आहे. तो एडिंबरोहून १२ ऑगस्ट १५६० रोजीं आर्गाइल, जेम्स स्ट्युअर्ट व रुथव्हेन या तिघां सरदारांच्या सहीनें, डंकेल्डनजीकच्या एर्नटली व किनव्हेड येथील जमीनदारांस लिहिलेला आहे. त्याचा आशय असा : चर्चमध्यें जाऊन सर्व मूर्ति खालीं काढाव्या, आवारांत आणून उघडपणें जाळाव्या, वेद्या पाडाव्या, मात्र बाकें, खिडक्या, दारें, तसेंच कांचेचें व लोखंडाचें काम यांस इजा होऊं देऊं नये.

या पत्रांतील दोन गोष्टी विचारणीय आहेत. पहिली तिथीची. नव्या मताचा स्वीकार स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें १७ ऑगस्ट रोजीं केला. म्हणजे हुकूम कायद्याच्या पांच दिवस आधींचा आहे. सत्ता हातीं येतांच कायद्याची वाट न पाहतां काम सुरू झालें. दुसरी गोष्ट आशयाची. मूर्तींविषयीं हुकूम निष्ठुर आहे, पण इमारतीविषयीं तो सावध आहे. छत उतरविण्याचा त्यांत शब्दहि नाहीं. तरी छत गेलें हें खरें. मग तें हुकुमामुळें गेलें असें कसें म्हणावें? आमच्या मतें याचें कारण उपयोगांत शोधावें. जुन्या उपासनेंत मिरवणुकी, अनेक वेद्या व संतांचीं स्थानें यांसाठीं विस्तीर्ण सभामंडप लागे. नव्या पंथांत प्रवचन ऐकण्यापुरती एक जागा पुरे होती. १६०० सालीं लेडीवेलच्या स्ट्युअर्टनें पूर्वमंडपावर पुनः छत घातलें व गांवचें चर्च तेथें भरूं लागलें. ज्या भागाची गरज उरली, त्यास छत मिळालें. ज्याची सरली, तो उघडाच राहिला. आणि एकदां छत गेलें म्हणजे पाऊस व हिम यांस कोणाच्या हुकुमाची जरूरी लागत नाहीं.

त्यानंतर एक मोठा आघात व्हावयाचा होता. २७ जुलै १६८९ रोजीं किलिक्रँकी येथें पदच्युत जेम्स राजाच्या पक्षानें जय मिळविला. तें सैन्य दक्षिणेकडे येत असतां २१ ऑगस्ट रोजीं डंकेल्डास कॅमेरोनियन पलटणीनें त्यास अडविलें. या पलटणीचा नायक विल्यम क्लेलंड हा तरुण कवि होता. संख्येनें कित्येक पटींनीं मोठ्या शत्रूशीं त्याच्या शिपायांनीं कॅथीड्रल व अथोलचा वाडा यांच्या आश्रयानें झुंज दिली. गोळ्या संपल्या तेव्हां वाड्याच्या छपराचें शिसें वितळवून नव्या ओतल्या. क्लेलंड आरंभींच पडला, पण पलटण हटली नाहीं. गांव जळून अवघीं तीन घरें उरलीं. क्लेलंडला कॅथीड्रलांतच पुरलें असून पूर्वेकडील भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजहि दाखवितात. पूर्वमंडपाची पुढें वेळोवेळीं दुरुस्ती झाली. १९०८ सालीं सर डोनल्ड करी यांच्या द्रव्यसाह्यानें त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. सभामंडप व मनोरा सरकारी संरक्षणाखालीं आहेत.

याच पूर्वमंडपांत मराठी वाचकानें क्षणभर थांबावें असें एक स्मारक आहे. तें ४२ व्या हायलँडर पलटणीचें, म्हणजे ‘ब्लॅक वॉच’चें असून शिल्पकार जॉन स्टील यानें घडविलें व १८७२ सालीं उभारलें गेलें. पलटणीच्या स्थापनेपासून १८५७ च्या उठावाच्या अखेरपर्यंत पडलेल्या शिपायांची ती स्मृति आहे. हीच पलटण ६ डिसेंबर १८५७ रोजीं कानपुरच्या रणांत होती, आणि समोर तात्या टोपे यांचें सैन्य होतें. स्मारकाचा काळ जेथें संपतो, त्या १८५९ सालींच १८ एप्रिल रोजीं शिवपुरी येथें तात्यांस फांशीं दिलें. टे नदीकाठच्या शिळेवर एका बाजूचींच माणसें आहेत, हें स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूचीं शोधून लिहून ठेवणें हें त्यांचें काम नव्हे. तें आपलें काम आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करितों. ब्राउन बिशपनें १५१० च्या सुमारास टे नदीवर पूल बांधण्यास आरंभ केला होता. तो पूल आज नाहीं. सध्याचा पूल टेलफोर्ड या स्थापत्यविशारदाचा, १८०९ सालीं पुरा झालेला आहे. परंतु त्या नाहींशा झालेल्या पुलाचा जमाखर्च आहे. १५०५ ते १५१७ या काळांतील बिशपच्या कोठाराचे व पुलाचे हिशेब हॅने यांनीं संपादून १९१५ सालीं तेथील इतिहास-मंडळानें प्रसिद्ध केले. ज्या वह्या कोणत्याहि वारसानें प्रथम रद्दींत घातल्या असत्या, त्याच टिकल्या आणि पूल वाहत्या पाण्यांत लुप्त झाला. आपल्या संग्राहकांची दृष्टि सचित्र पोथी, मोहोरबंद सनद, स्वदस्तुरचें पत्र यांवर सहज खिळते, आणि रुमालाच्या तळाचे तेलाचे, दाण्याचे व मजुरीचे ताळेबंद बाजूस पडतात. डंकेल्डची अर्धी भिंत आज आपणांस वाचतां येते ती मिल्नसारख्या एका कॅननच्या टांचणांमुळें आणि एका कोठाराच्या हिशेबामुळें. ज्यांच्या घरीं असे रुमाल अद्यापि बांधलेले आहेत, त्यांनीं ते वाळवी लागण्यापूर्वीं सोडून पाहावे, इतकीच या वृद्ध शिक्षकाची विनंति आहे.